पान की मजकूर : मराठी ई-पुस्तकाची घडण

संगणकावर पुस्तक दोन तऱ्हांनी ठेवता येते. एक तर छापील पानाचे चित्र घ्यायचे, नाही तर त्या पानावरचा मजकूर अक्षर-अक्षर करून साठवायचा. चित्र घेतले तर पान मुळाबरहुकूम दिसते. शाईचा डाग, दुमडलेला कोपरा, ग्रंथालयाचा शिक्का, सगळे येते. पण संगणकाच्या लेखी ते पान आणि लग्नातला एखादा फोटो यांत काही फरक नसतो. त्यात शब्द शोधता येत नाही, अक्षर मोठे करून ओळी नव्याने जुळवता येत नाहीत. मजकूर साठवला तर हे सगळे साधते, मात्र मूळ पानाची मांडणी जाते आणि टंकताना झालेल्या चुका पदरात पडतात. पीडीएफ, डेजाव्यू, मोबी, ईपब ही जी नावे ई-पुस्तकांच्या संदर्भात कानावर येतात, त्यांतले प्रत्येक या दोन टोकांच्या दरम्यान कुठे तरी बसते.

इंग्रजी वाचकाने यांतली निवड आपल्या सोयीने केली. मराठीत ती कितीतरी वर्षे करताच येत नव्हती, कारण मजकूर म्हणून साठवायला लागणारे अक्षरच संगणकाकडे धड नव्हते. म्हणून मराठी ई-पुस्तकाची हकिकत कळफलक आणि फॉन्टपासून सांगावी लागते.

ई-पुस्तकाचा आरंभ सहसा ४ जुलै १९७१ या दिवसाशी जोडतात. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातला विद्यार्थी मायकेल हार्ट याने त्या दिवशी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा विद्यापीठाच्या संगणकावर टंकला आणि इतरांना खुला केला. त्यातूनच पुढे प्रोजेक्ट गुटेनबर्ग उभा राहिला. तो मजकूर सगळा कॅपिटल अक्षरांत होता. छोट्या अक्षरांची सोयच तिथे नव्हती. नंतरही कित्येक वर्षे गुटेनबर्गची पुस्तके साध्या ॲस्की मजकुरातच निघत राहिली. ॲस्की म्हणजे १२८ घरांचा तक्ता: इंग्रजी वर्णमाला, अंक, विरामचिन्हे आणि यंत्राला द्यायच्या काही आज्ञा. या साधेपणाचा फायदा असा, की त्या काळातली फाइल आजच्या कोणत्याही संगणकावर विनातक्रार उघडते. देवनागरीला मात्र त्या १२८ घरांत कुठेच जागा नव्हती.

ती जागा करण्याचे काम कानपूरच्या आयआयटीत सुरू झाले. त्यातले एक प्रमुख नाव मोहन तांबे यांचे. भारतीय लिप्या दिसायला निरनिराळ्या असल्या तरी त्यांची वर्णमाला एकाच घडणीची आहे, हे या कामाचे सूत्र होते. मराठीतला 'क', बंगालीतला 'क' आणि कन्नडमधला 'क' यांची वळणे वेगळी, पण वर्णमालेतले स्थान एकच. तेव्हा सर्व लिप्यांना मिळून एकच कळफलक आणि एकच संकेततक्ता का असू नये? कळफलकाचे नाव पडले इन्स्क्रिप्ट. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला. १९८६ साली तो सरकारमान्य झाला. संकेततक्त्याला 'इस्की' म्हणू लागले. त्यात ॲस्कीची १२८ घरे जशीच्या तशी ठेवून वरच्या १२८ घरांत भारतीय वर्ण बसवले होते. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही संगणक-संशोधन संस्था स्थापन झाल्यावर हे काम तिकडे आले आणि १९९१ मध्ये इस्कीला आयएस १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानकाचा दर्जा मिळाला.

या काळात संगणकावर मराठी आणायची म्हणजे अक्षरशः संगणक उघडावा लागे. जिस्ट कार्ड नावाची एक पट्टी आतल्या खाचेत बसवायची. ती बसली की डॉसवर चालणाऱ्या वर्डस्टार किंवा डीबेससारख्या अस्सल इंग्रजी प्रोग्रॅममध्येही देवनागरी उमटू लागे. जोडाक्षर कसे जुळवायचे, वेलांटी कोणत्या बाजूला काढायची, याचा प्रोग्रॅमला पत्ताही नसे. ते सगळे कार्डच सांभाळी. कचेरीच्या याद्या आणि बिलांना हे पुरेसे होते. पुस्तकाला ते पुरण्यासारखे नव्हते. निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांवर पोसलेल्या वाचकाला त्या ठिपक्यांच्या अक्षरात कादंबरी वाचायला देणे म्हणजे अन्यायच झाला असता.

नव्वदच्या दशकात विंडोज आणि पाने लावण्याचे पेजमेकर हे सॉफ्टवेअर आले, छापखान्यातले खिळे वितळवायला गेले आणि त्यांची जागा डीटीपीने, म्हणजे संगणकावरच्या जुळणीने, घेतली. मराठी ग्रंथव्यवहारावर या बदलाइतका दूरगामी परिणाम दुसऱ्या कशाचा झाला नसेल, आणि पुढच्या सगळ्या घोटाळ्याचे मूळही याच बदलात आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सायबरस्केपची आकृती, सी-डॅकचे आयएसएम आणि त्याखेरीज घरोघर पोचलेला शिवाजी नावाचा फॉन्ट, असे नाना पर्याय बाजारात होते. अक्षरे सुरेख होती. पण या फॉन्टांची युक्ती इस्कीपेक्षा अगदी वेगळी होती. इंग्रजी अक्षरांच्या घरांतच देवनागरीचे आकार बसवलेले असत. संगणकाला वाटे, आपण इंग्रजीच लिहितो आहोत. डोळ्यांना मात्र मराठी दिसे. फॉन्ट म्हणजे रोमन अक्षरांवर चढवलेला मुखवटा होता.

मुखवटा उतरला की काय दिसे, याचा नमुना त्या काळातल्या पुष्कळांच्या ओळखीचा आहे. शिवाजी फॉन्टमध्ये लिहिलेले 'श्री' तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडले, तर तीन रोमन अक्षरे दिसत: कॅपिटल ई, छोटा ए आणि कॅपिटल आय. ई म्हणजे दंडाशिवायचा श्र, ए म्हणजे उभा दंड, आय म्हणजे दीर्घ वेलांटी. न, म, त अशी साधी अक्षरेसुद्धा याच पद्धतीने अर्धे अक्षर अधिक दंड अशी दोन कळांत बनत. दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये हीच अक्षरे भलत्याच घरांत असत, त्यामुळे एका दुकानात जुळवलेले पुस्तक दुसऱ्या दुकानात नेले की तिथे त्याचे कडबोळे होई.

अशा काळात एखाद्याला मराठी मजकूर संगणकावर वाचायचा असेल, तर फाइलबरोबर फॉन्टही पाठवावा लागे. फ्लॉपीवर दोन्ही असत. आधी फॉन्टची फाइल सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात, त्यातल्या फॉन्ट्स फोल्डरात टाकायची. मग मजकूर उघडायचा, तो सगळा निवडायचा आणि यादीतून फॉन्टचे नाव शोधून लावायचे. मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवरही फॉन्ट उतरवून घेण्याची सूचना ठळकपणे असे. पुढे डायनॅमिक फॉन्ट आले. पानाबरोबर फॉन्ट आपोआप उतरे, पण नेटस्केपला एक जातीचा आणि इंटरनेट एक्स्प्लोररला दुसऱ्या जातीचा लागे.

या गोंधळातून सोडवणारा म्हणून पीडीएफ आला आणि मराठीत तो असा रुजला, की अजून हललेला नाही. ॲडोबी कंपनीने १९९३ मध्ये काढलेला हा फॉरमॅट मुळात पुस्तकासाठी नव्हताच. कोणत्याही संगणकावर, कोणत्याही छपाईयंत्रावर कागद सारखाच दिसावा, एवढाच त्याचा हेतू. त्यासाठी लागणारा फॉन्ट तो आपल्या पोटातच बांधून घेतो. मराठीला नेमके हेच हवे होते. पेजमेकरमध्ये श्री-लिपीत लावलेले पुस्तक पीडीएफ केले, की ते नागपुरात उघडा नाही तर न्यू जर्सीत, पान हलत नसे. समोरच्याला काही बसवावे लागत नसे. पीडीएफ वाचणारे ॲडोबीचे सॉफ्टवेअर फुकट मिळे आणि बहुतेक संगणकांवर ते आधीच असे. ई साहित्य प्रतिष्ठानने मराठी पुस्तके मोफत वाटायला सुरुवात केली तीही पीडीएफमधूनच, ई-मेलने. परदेशातल्या मराठी घरांत पुस्तक पोचवायला तेव्हा याहून स्वस्त वाट नव्हती.

मात्र मुखवट्याचा प्रश्न पीडीएफने सोडवला नाही, नुसता झाकला. अशा पीडीएफमधला एखादा परिच्छेद निवडून दुसरीकडे चिकटवला, की पुन्हा तोच रोमन कचरा बाहेर पडे. शोधपेटीत 'तुकाराम' लिहून शोधले तर पानोपानी तुकाराम असलेल्या पुस्तकातही तो सापडत नसे. दिसायला मराठी, पोटात इंग्रजी अक्षरे, अशी ही पुस्तके होती. अमुक पीडीएफ चित्रांचा आहे, जुन्या फॉन्टचा आहे की खऱ्या मराठी मजकुराचा, हे ओळखण्याची सोपी कसोटी आजही हीच आहे: एक ओळ निवडून दुसरीकडे चिकटवून पाहावी. ओळ निवडताच आली नाही तर ते चित्र. कचरा आला तर जुना फॉन्ट. मराठी आली तर मजकूर.

जुन्या, दुर्मिळ ग्रंथांच्या बाबतीत चित्राखेरीज गत्यंतरच नव्हते. कार्नेगी मेलन विद्यापीठातले राज रेड्डी यांच्या पुढाकाराने दहा लक्ष पुस्तके संगणकावर आणण्याची योजना निघाली आणि तिची भारतातली शाखा म्हणजे डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था तिच्या केंद्रस्थानी होती. या प्रकल्पात मराठीतली जुनी पुस्तके मोठ्या संख्येने स्कॅन झाली. ती वाचणे हा मात्र वेगळाच उद्योग होता. प्रत्येक पान टिफ जातीचे स्वतंत्र चित्र असे, आणि ते दाखवायला ब्राउझरमध्ये निराळे प्लगइन बसवावे लागे. एक पान वाचून झाले की पुढचे पान मागवायचे आणि ते उतरेपर्यंत थांबायचे. सूची तर अशी, की तज्ज्ञालाही हात टेकायला लावील. ग्रंथांची नावे रोमन लिपीत एका लिप्यंतर-पद्धतीने नोंदवलेली होती. तीत 'ज्ञ'साठी जे-एन-जे आणि पुढे एक आडवी रेघ, तर 'ट'साठी टी आणि वर एक स्वल्पविराम. ज्ञानेश्वरी शोधणाऱ्याने तिचे नाव सरळ लिहून शोधले तर ती हाती लागेलच असे नव्हते. पुढे ते संकेतस्थळ बंद पडले, पण त्याआधी हजारो पुस्तकांच्या पीडीएफ प्रती इंटरनेट अर्काइव्हवर चढल्या होत्या. आज तिथे मिळणाऱ्या जुन्या मराठी ग्रंथांपैकी बऱ्याच ग्रंथांचे मूळ हेच आहे.

खऱ्या मजकुराची वाट युनिकोड या जगातल्या सगळ्या लिप्यांच्या सामाईक संकेततक्त्याने मोकळी केली. ऑक्टोबर १९९१ मध्ये निघालेल्या त्याच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला १२८ घरांचा स्वतंत्र गट होता आणि त्याची मांडणी १९८८ च्या इस्की तक्त्यावरून घेतली होती. म्हणजे कानपूर आणि पुण्याच्या कामाचा ठसा जगभरच्या प्रत्येक संगणकात आणि फोनमध्ये आहे. तक्ता झाला तरी तो वापरणारी यंत्रणा यायला आणखी नऊ वर्षे गेली. विंडोज २००० मध्ये देवनागरी जुळवण्याची सोय आली आणि तिच्यासोबत 'मंगल' हा फॉन्ट. तो घडवला र. कृ. जोशी यांनी. मुंबईच्या जे. जे. उपयोजित कला संस्थेत आणि नंतर आयआयटीत शिकवलेले हे सुलेखनकार. फॉन्टला त्यांनी आपल्या दिवंगत पत्नीचे नाव दिले.

सोय आली, पण ती निजलेली होती. २००१ च्या विंडोज एक्सपीत मराठी जागी करण्याचा विधी पुष्कळांना तोंडपाठ झाला होता. कंट्रोल पॅनेलमध्ये जायचे, प्रादेशिक आणि भाषाविषयक पर्याय उघडायचे, भाषांच्या पानावर दोन चौकटी दिसत, त्यांतल्या पहिलीत खूण करायची. त्या चौकटीशेजारच्या मजकुरात मराठीचा किंवा देवनागरीचा नामोल्लेखही नव्हता. जटिल लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहायच्या भाषा, थाईसकट, असे काहीसे तिथे लिहिलेले असे. खूण केली की संगणक एक्सपीची मूळ सीडी मागे. ती सीडी दुकानदाराकडे राहिलेली असे, किंवा मुळात दिलेलीच नसे, आणि कित्येकांची मराठी तिथेच अडे. सीडी मिळाली, संगणक बंद करून चालू केला, की मग भाषांच्या यादीत मराठी जोडून कळफलक घ्यायचा. हे न करता युनिकोडमधला मजकूर उघडला तर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला लोंबे, जोडाक्षरे पाय मोडून सुटी उभी राहत, आणि फॉन्टच नसेल तर नुसते चौकोन. विंडोज व्हिस्टापासून ही खटपट संपली. फोनवर तिचीच पुनरावृत्ती झाली: अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरी नव्हती, २०११ च्या अखेरीस आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ती दिसू लागली.

देवनागरी आली म्हणजे मराठी आली असे नव्हे, हे मराठी वाचकाच्या लवकरच लक्षात आले. मंगलमधले ल आणि श हिंदी वळणाचे होते. पाकळीचा ल आणि देठाचा श यांची सवय असलेल्या डोळ्यांना ते परके वाटत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ही मराठी वळणे अधिकृतपणे नक्की केली. 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'ऱ्हस्व' यांतला र युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी लिहिता येई, आणि दोन्ही दिसायला सारखेच; एका प्रकारे लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकारे शोधला तर सापडत नसे. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र घर मिळाले ते २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत. तोवर कोणी अ वर चंद्र ठेवला, कोणी हिंदीतला ऍ वापरला. त्यामुळे २००८ च्या आगेमागे टंकलेल्या पुस्तकांत 'ॲडमिरल' किंवा 'ॲसिड' शोधायचे तर आजही तीन-तीन प्रकारांनी शोधावे लागते.

पुस्तकांच्या फॉरमॅटची लढाई तिकडे इंग्रजीत केव्हाच पेटली होती. मायक्रोसॉफ्टचा लिट फॉरमॅट २००० मध्ये आला आणि बारा वर्षांत गेला. फ्रान्समधल्या मोबीपॉकेट कंपनीचा मोबी फॉरमॅट ॲमेझॉनने कंपनीसकट २००५ मध्ये विकत घेतला. मग २००७ च्या शरदात दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. सप्टेंबरमध्ये प्रकाशक आणि तंत्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ईपब हे खुले मानक जाहीर केले. १९ नोव्हेंबरला ॲमेझॉनने किंडल हे वाचनयंत्र बाजारात आणले आणि त्यात ईपबऐवजी मोबीची आपली सुधारित आवृत्ती वापरली. पंधरा वर्षे ही फारकत टिकली. २०२२ मध्ये ॲमेझॉनने किंडलवर पाठवायच्या फाइलींत ईपब स्वीकारला आणि मोबी काढून टाकला.

ईपबच्या फाइलीचे नाव बदलून शेवटी झिप लावले, तर ती साध्या झिपसारखी उघडते. आत संकेतस्थळाच्या पानांसारखी पाने असतात, प्रकरणाला एक. जोडीला अक्षराचा आकार आणि समास ठरवणारी फाइल, चित्रे, अनुक्रमणिका, आणि हवा असेल तर फॉन्ट. मजकूर युनिकोडमध्ये. तीनशे पानांच्या मराठी कादंबरीत साधारण साडेपाच लाख संकेत धरले आणि युनिकोडच्या रूढ साठवणीत देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट लागतात हे लक्षात घेतले, तरी सगळे पुस्तक दोन एमबीच्या आत राहते. झिप झाल्यावर त्याहूनही बरेच कमी. त्याच पुस्तकाची रंगीत स्कॅन प्रत सहज पन्नास-शंभर एमबीची होते.

तरीही मराठी प्रकाशकांनी ईपबकडे धाव घेतली नाही. याला आळस म्हणणे सोपे आहे, पण अडचण खरी होती. त्यांच्याकडची सगळी पुस्तके जुन्या फॉन्टांत होती. त्या मजकुराचे युनिकोड करणारे परिवर्तक निघाले, पण ते काम घरांची अदलाबदल करण्याइतके सरळ नाही. 'निर्मिती' हा शब्द घ्यावा. जुन्या फॉन्टमध्ये ऑपरेटर डोळ्यांना दिसेल त्या क्रमाने कळा दाबी: आधी वेलांटी, मग न, पुन्हा वेलांटी, म, त्याच्या डोक्यावर रफार, मग त आणि दीर्घ वेलांटी. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: न, ऱ्हस्व वेलांटी, र, हलन्त, म, ऱ्हस्व वेलांटी, त, दीर्घ वेलांटी, असे आठ संकेत. रफार उचलून म च्या आधी न्यायचा आणि दोन्ही वेलांट्या पुढच्या अक्षरापलीकडे ढकलायच्या, एवढे एका शब्दात करावे लागते. ऑपरेटरने ओळ सजवताना वेलांटी दोनदा दाबली असेल किंवा कानाऐवजी नुसता दंड दिला असेल, तर छापील पानावर ते कळत नाही, परिवर्तनात मात्र शब्द फुटतो. म्हणजे सगळ्या पुस्तकाची मुद्रिते नव्याने वाचणे आले, आणि त्याचा खर्च भरून काढणारी विक्री समोर दिसत नव्हती. छपाईसाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरनेही उशीर केला. पेजमेकरला युनिकोडची देवनागरी कधीच जमली नाही. इनडिझाइनमध्ये मराठीसकट भारतीय भाषांची सोय २०१२ च्या सीएस६ आवृत्तीत आली.

वाचनयंत्रांचे दुखणे वेगळेच होते. ईपबमध्ये मजकूर बिनचूक असला तरी तो पडद्यावर जुळवून दाखवणारे यंत्र देवनागरी जाणणारे हवे. अनेक यंत्रांना ती जाण नव्हती, आणि एक्सपीतली लोंबणारी वेलांटी तिथे पुन्हा दिसू लागली. मधल्या काळात हौशी वाचकांना आधार होता तो कॅलिबर या मोफत सॉफ्टवेअरचा. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सोनीच्या वाचनयंत्रासाठी ते लिहायला घेतले आणि पुढे ते फॉरमॅट बदलण्याचे जगभरचे हत्यार झाले. युनिकोडमधला मराठी मजकूर कॅलिबरमध्ये घ्यायचा, फॉन्ट आत बांधायचा, हव्या त्या फॉरमॅटात काढायचा. चित्रांच्या पीडीएफपुढे मात्र कॅलिबरचेही काही चालत नाही. ॲमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळम आणि मराठी ई-पुस्तकांची विक्री सुरू केली, तेव्हा मराठी पुस्तक अधिकृतपणे किंडलवर आले. त्याआधीपासून बुकगंगासारखी मराठी दुकाने आपापल्या ॲपमध्ये उघडणारी ई-पुस्तके विकत होती.

वाचनयंत्रावर पीडीएफ का वाचवत नाही, याचे उत्तर साध्या मापात आहे. मराठी पुस्तकांचा रूढ डेमी आकार साडेपाच इंच रुंद. सहा इंची वाचनयंत्राचा पडदा कर्णावर सहा इंच, रुंदीला जेमतेम ३.६ इंच. पान त्यात बसवले की ते ६५ टक्के होते आणि बारा पॉइंटचे अक्षर आठ पॉइंटांच्याही खाली जाते. मात्रा-अनुस्वार वर आणि उकार खाली अशी तीन मजली देवनागरी त्या आकारात रोमनपेक्षा लवकर मरते. म्हणून कथा-कादंबरीला ईपब बरा. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते आणि ओळी आपोआप जुळतात. कविता, नाटक, तक्ते, पाककृती, शालेय पुस्तके यांत मांडणीलाच अर्थ असतो; ती मोठ्या पडद्यावर पीडीएफमध्येच नीट वाचता येतात. तळटीपांनी भरलेली पोथीची आवृत्तीही त्यातच मोडते. ईपब वाचताना एक खटकणारी गोष्ट उरतेच: मराठीत प्रत्यय जोडून शब्द लांबतात, आणि 'वाचनालयांमधल्यासुद्धा' यासारखा शब्द अरुंद ओळीत मावला नाही की तो खाली जातो आणि वरच्या ओळीत खिंडारे पडतात.

फॉरमॅट निवडताना कुलपाचाही विचार करावा लागतो. डीआरएम हे डिजिटल कुलूप लावलेले पुस्तक विकत घेतले तरी ते दुकानाच्या मर्जीवर उघडते. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या वादातून जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसली. त्यांतले एक '१९८४' होते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा पैसे परत मिळाले, पुस्तके गेली. ज्यांवरचा स्वामित्वहक्क संपला आहे अशा पुस्तकांना हे कुलूप लागू नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोरांचे हक्क १९९१ अखेर संपत आले तेव्हा १९९२ मध्ये ती वाढवली गेली. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचे लेखन २०११ च्या पहिल्या दिवसापासून सर्वांना खुले झाले.

चित्र आणि मजकूर यांतला फरक सगळ्यांत तीव्रतेने जाणवतो तो दृष्टिहीन वाचकाला. पडदावाचक सॉफ्टवेअर मजकूर वाचून दाखवते. चित्रापुढे ते गप्प राहते आणि जुन्या फॉन्टच्या मजकुरातून इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ ऐकवते. १९९६ पासून विकसित झालेला डेझी हा फॉरमॅट अशा वाचकांसाठीच आहे; त्यात प्रकरण, पान, परिच्छेद अशा पायऱ्यांनी पुस्तकात हिंडता येते. भारताच्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन अपंगांसाठी वाचनसुलभ प्रती करण्यास मुभा मिळाली, आणि याच विषयावरच्या मराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत ठरला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालयात भारतीय भाषांतली अशी पुस्तके मिळतात.

चित्रातून मजकूर काढणाऱ्या ओसीआरने अलीकडे हे काम पुष्कळ हलके केले आहे. एचपी कंपनीत जन्मलेला आणि २००५ मध्ये खुला झालेला टेसरॅक्ट मराठी ओळखतो. गूगलचे ओसीआर त्याहून सरस मानले जाते. स्वच्छ छापलेल्या अलीकडच्या पानावर दोन्ही चांगले चालतात. शंभर वर्षांपूर्वीच्या झिजलेल्या खिळ्यांवर मात्र घ चा ध होतो, ष चा प, भ चा म. शिरोरेघ तुटली की एका शब्दाचे दोन होतात आणि अनुस्वार तर सरसकट गळतो. त्यावर माणसाची नजर फिरावीच लागते. मराठी विकिस्रोत या संकेतस्थळावर हे काम उघड्यावर चालते. पडद्याच्या एका बाजूला जुन्या पानाचे चित्र, दुसऱ्या बाजूला ओसीआरने काढलेला मजकूर. न तपासलेले पान सूचीत तांबडे दिसते, कोणी तपासले की पिवळे होते आणि दुसऱ्या कोणी पुन्हा पडताळले की हिरवे. पुस्तकाची पाने तपासून झाली की त्याच मजकुराचा ईपब किंवा पीडीएफ, जो हवा तो, उतरवून घेता येतो.